तोळाभर शिसं

ड्रॉमध्ये नाव उल्काचं लागलं आणि अभिनंदनाचे फोन विलासला आले.

पहिला फोन मिलिंदचा. मिलिंद म्हणजे विलासचा गॅस प्लांटमधला सहकारी. फोर्ट सेंट जॉनमधल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या मराठी घरांपैकी एक घर त्याचं. फोन स्पीकरवर होता आणि मिलिंद ओरडत होता.

"लागला का रे शेवटी तुझा नंबर! पार्टी पाहिजे, विलास!"

उल्का ओट्याशी कांदा चिरत होती. तिथूनच म्हणाली, "भाऊजी, नंबर माझा लागलाय."

"तेच हो, वहिनी. तुमचा म्हणजे त्याचाच की!"

विलास हसला. उल्काने दुसरा कांदा घेतला.

नंबर लागला होता तो पिंक माउंटनच्या कळपातला एक नर मारण्याचा. इथले लोक त्या जनावराला बफेलो म्हणतात, सरकारी कागदावर बायसन असतं आणि मराठी घरांत कुणी गवा म्हणतं, कुणी रेडा. परवाने मोजके आणि मागणारे ढीगभर, म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या निघतात. विलास कित्येक वर्षं अर्ज करत होता आणि दरवर्षी हात चोळत राहत होता. मग त्याच्या इंजिनिअरच्या डोक्यात आलं, की एकाऐवजी दोन नावं टाकली तर शक्यता दुप्पट होते. उल्काला त्याने बंदूक-सुरक्षेच्या कोर्सला बसवलं, शिकारीची परीक्षा द्यायला लावली. दोन्हींत तिला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले. तो विषय घरात एकदाच निघाला.

आता २००९ च्या उन्हाळ्यात कागद आला होता आणि त्यावर नाव होतं उल्का घोरपडे. ज्याच्या नावाचा कागद त्यानेच गोळी झाडायची, दुसऱ्याला द्यायचा नाही, हेही त्यावर छापलेलं होतं.

"त्यात काय एवढं," विलास जेवताना म्हणाला. "तू यायचंस बरोबर. गाडीत हीटर लावून बसायचंस. थर्मासमध्ये चहा घे, पोहे घे. आपण तिघंच असणार. कोण बघतंय?"

"मी बघतेय," उल्का म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाव माझं, तर गोळी माझी."

विलासने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. मग त्याला ती गंमत वाटली. "अगं, तो रेडा आहे. टनभर वजनाचा. तू घरात झुरळ मारत नाहीस."

"इथे झुरळं नाहीत, म्हणून मारत नाही. सांगलीत मारत होते."

उल्काचं माहेर सांगलीचं. वडील सराफ, पोतदार आडनावाचे, दुकान लहान पण गिऱ्हाईक जुनं. मुलीने सोनं-चांदी नको म्हटलं आणि औषधं निवडली. फार्मसी केली, विलासशी स्वतः जमवून लग्न केलं. सोनारांची मुलगी घोरपड्यांच्या घरात आली ती बराच काळ पाहुण्यासारखीच राहिली. त्या घरात तिने एक गोष्ट नीट पाहून घेतली. मोठ्या जाऊबाई राखीव जागेवर गावच्या सरपंच झाल्या. हार त्यांच्या गळ्यात पडला, गुलाल त्यांच्या कपाळाला लागला आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या खुर्चीत थोरले दीर जाऊन बसले. सह्यांपुरतं जाऊबाईंना घरातून बोलावणं यायचं. त्या पीठमळले हात पदराला पुसत जायच्या, सही करायच्या, परत येऊन पोळ्या लाटायच्या. गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जाऊबाईंनाही नाही, निदान त्या तसं म्हणायच्या.

पुढे विलासच्या नोकरीपायी व्हँकुव्हर, तिथे उल्काने दुकानाच्या काउंटरवर पिशव्या भरल्या, मुलगी केया लहान असताना परीक्षा दिल्या आणि फार्मासिस्टचं लायसन्स पुन्हा मिळवलं. मग विलासला गॅस प्लांटमध्ये काम मिळालं म्हणून उत्तरेत, ह्या गावात. त्याला जिथे नोकरी, तिथे तिने दुकान शोधलं. ह्या गावात मात्र लोक विलासला "फार्मसीतल्या बाईचा नवरा" म्हणून ओळखायचे. हे त्याला आवडायचं नाही. गेली काही वर्षं शिकार तेवढी खास त्याची होती. बंदुका, बूट, डब्यातली काडतुसं, मिलिंदबरोबरच्या गप्पा. आता तिथेही ती आली.

आठवडाभर कुरकुर झाल्यावर विलासने अट घातली. "ठीक आहे. तूच मार. पण माझ्या मॅग्नमने."

ती तीनशे अडतीस मॅग्नम त्याने खास ह्या शिकारीसाठी घेऊन ठेवली होती. काडतूस बोटापेक्षा लांब, आत बारूद ठासून, पुढे सव्वादोनशे ग्रेन वजनाची गोळी. "ह्याने हत्तीसुद्धा बसेल," असं मिलिंद म्हणायचा. मिलिंदने हत्ती पाहिला होता तो सर्कशीत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दोघं तिला गावाबाहेरच्या रेंजवर घेऊन गेले. "घट्ट धर आणि श्वास सोड," विलास म्हणाला. बंदुकीवरच्या दुर्बिणीपासून डोळा किती लांब ठेवायचा हे सांगायचं तो विसरला. उल्काने चाप ओढला. बंदुकीने खांद्यावर लाथ घातली आणि दुर्बिणीची कड येऊन भुवईवर आदळली. रक्त डोळ्यात उतरलं.

"हे होतंच पहिल्यांदा," मिलिंद म्हणाला. "वहिनी, तुम्ही बसा आता. विलास, तू दोनचार मारून घे."

उल्काने रुमाल भुवईवर दाबला आणि दुसऱ्या हाताने पुढचं काडतूस भरलं. ती गोळी कुठे गेली कुणास ठाऊक. तिसऱ्या वेळी चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटले. आपले डोळे मिटले हे तिला कळलं आणि त्याचा तिला जखमेपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा भुवईवर टाके आणि खाली निळं-जांभळं. फार्मसीत येणारे लोक तिच्याकडे बघून आवाज खाली आणू लागले. ब्लडप्रेशरची औषधं न्यायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने तिच्या हातात चिठ्ठी सरकवली. त्यावर नवऱ्यांनी मारलेल्या बायकांच्या आसऱ्याचा फोन नंबर होता. "यू डोन्ट हॅव टू स्टे, डिअर," ती कुजबुजली. उल्काने ते घरी सांगितलं आणि पोट धरधरून हसली. विलास हसला नाही. चार दिवस तो ग्रोसरीलासुद्धा गावात गेला नाही.

"बघ," शेवटी तो म्हणाला, "एवढं सगळं होण्यापेक्षा सोडून दे. मी मारतो. खांदा तुझा मोडणार आणि नाव माझं खराब होणार."

"नाव माझंच आहे, अहो. तेवढं तरी राहू द्या."

फार्मसीत उल्काच्या हाताखाली लॉर्ना काम करायची. इथल्याच एका शेतावर वाढलेली, साठीला आलेली. तिने ती जखम पाहताक्षणी ओळखली होती, कारण तिच्याही भुवईवर तसाच वण होता, चाळीस वर्षांपूर्वीचा. "कोणती बंदूक?" तिने विचारलं. उल्काने सांगितलं. "का?" लॉर्ना म्हणाली. बंदूक उल्काने निवडलीच नव्हती.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघी शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेल्या. काउंटरमागचा माणूस लॉर्नाला ओळखत होता. उल्काच्या भुवईकडे बघून तो गालातल्या गालात हसला.

"मॅम, बफेलो मारायचा असेल तर मोठी बंदूक घ्या. त्याला लहान गोळी म्हणजे डास चावल्यासारखी."

"नियम काय आहे?" उल्काने विचारलं.

नियम असा होता, की गोळी एकशे पंचाहत्तर ग्रेनपेक्षा हलकी नको आणि शंभर मीटर गेल्यावरही तिच्यात ठराविक जोर शिल्लक हवा. उल्काने काडतुसांची खोकी मागितली आणि एकेकाच्या मागे छापलेला तक्ता वाचायला लागली. नव्या औषधाबरोबर येणारं बारीक अक्षरांचं पत्रक ती जसं वाचते, तसंच. नळीतून निघताना वेग किती, शंभरावर किती, दोनशेवर किती, जोर किती उरतो. दुकानदार आधी कंटाळला, मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

"थर्टी-ऑट-सिक्स," ती एका खोक्यावर बोट ठेवून म्हणाली. "एकशे ऐंशी ग्रेन. नियमात बसतं. भरपूर बसतं."

"बसतं," तो नाइलाजाने म्हणाला. "पण ते हरणाचं आहे. मूझचं फार तर."

"माझ्या बापाने त्यावर घर चालवलं," लॉर्ना म्हणाली.

ही बंदूक विलासकडे होतीच. इथे आल्यावर त्याने पहिल्यांदा घेतलेली आणि मॅग्नम आल्यावर बेसमेंटमध्ये कपाटात टाकून दिलेली. लाथ निम्मी. प्रश्न राहिला तो गोळीचा. एकशे ऐंशीतच तीन तऱ्हा होत्या. स्वस्तातली पातळ कवचाची गोळी जाड हाडावर आपटली तर फुटून विखुरते, असं लॉर्नाने सांगितलं. दुकानदाराने ड्रॉवरमधून सुटी गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तांब्याचं जाड कवच, आत चिकटवून बसवलेलं शिसं. आत जाऊन फुलेल, पण तुटणार नाही.

उल्काने तळहात हलकेच वरखाली केला.

"काय झालं?" लॉर्नाने विचारलं.

"तोळा," उल्का म्हणाली.

"कोण?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. वडिलांच्या दुकानात वजनांचा लाकडी खण होता, लहानपणी तिला त्यातली वजनं तळहातावर घेऊन ओळखायला लावायचे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. खणाच्या झाकणावर जुन्या इंग्रजी अक्षरात तोळ्यापुढे ग्रेन लिहिलेले होते. एकशे ऐंशी. ना एक कमी, ना एक जास्त. पुढे कॉलेजात ग्रेन पुन्हा भेटला, जुन्या औषधांच्या मापात. आणि आता इथे, कॅनडात, एका माणसाने तो तिच्या हातावर शिशाचा करून ठेवला होता.

"म्हणजे सोन्याचं वजन," लॉर्ना म्हणाली.

"लग्नात अंगठी करतात, तेवढं."

दुकानदाराला ते कळलं नाही, पण त्याने त्याच गोळीची काडतुसं काढून दिली.

संध्याकाळी उल्काने खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. विलासने ते उचललं, फिरवून बघितलं, परत ठेवलं. मिलिंदही आलेला होता.

"हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी निवडलं. गोळी तोळ्याची आहे. तुमची सव्वा तोळ्याची. पाव तोळ्याने रेडा काही जास्त मरत नाही."

"तोळ्याची?" विलासच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. तो उठला आणि कॅल्क्युलेटर घेऊन आला. "तोळा म्हणजे दहा ग्रॅम. एका ग्रॅमला साडेपंधरा ग्रेन धर. झाले जेमतेम एकशे पंचावन्न! नियम एकशे पंचाहत्तरचा. तुझी गोळी बेकायदा आहे, उल्का."

"घ्या!" मिलिंदने टेबलावर थाप मारली. "वाचलो. वन्यजीव खात्याच्या वॉर्डनने धरलं असतं, वहिनी."

उल्का पोळी भाजत होती. तिने पोळी उतरवली, तूप लावलं, मिलिंदच्या ताटात वाढली.

"भाऊजी, तुमच्या लग्नात अरुणाला किती तोळ्यांचं मंगळसूत्र घातलंत?"

"पाच. का?"

"सासऱ्यांना सांगितलंत ते पाच दहा-दहा ग्रॅमचे की जुने?"

मिलिंद विलासकडे बघू लागला.

"दहा ग्रॅमचा तोळा हिशेबाच्या सोयीसाठी नंतर आला," उल्का म्हणाली. "खरा तोळा पावणेबारा ग्रॅमच्या जवळ. सोनाराच्या मुलीला तोळा शिकवू नका. आणि खोक्यावर ग्रेन छापलेत, ते तरी वाचायचे."

विलासने खोकं पुन्हा उचललं. त्यावर १८० असं ठळक लिहिलं होतं. ते त्याने आधीही पाहिलं होतं. पण बायको तोळा म्हणाली आणि त्याला तिची चूक दिसली, एवढी दिसली की समोरचा आकडा दिसेना.

"ते कायद्याचं सोड," तो म्हणाला. "मोठा डोस दिला की काम लवकर होतं, एवढं साधं आहे."

"मोठा डोस दिला की रोगी मरतो. आणि इथे रोगी मी आहे. तुमची मॅग्नम झाडताना माझे डोळे मिटतात. डोळे मिटून झाडलेली सव्वा तोळ्याची गोळी रेड्याच्या पोटात जाईल, आणि तो दोन दिवस रानात मरत फिरेल. मला तो जागेवर मारायचाय. ज्या गोळीला माझे डोळे उघडे राहतात, ती माझी गोळी."

दोघं हॉकीवर बोलायला लागले.

सप्टेंबरभर ती कामावरून सुटली की लॉर्नाबरोबर रेंजवर जायची. लॉर्ना कागदी बशी टांगायची. उल्काला ती फुलक्यासारखी दिसायची. सगळ्या गोळ्या फुलक्यात बसल्या की लॉर्ना बशी आणखी मागे न्यायची. कुठेतरी मागे गेल्यावर एकदोन गोळ्या फुलक्याबाहेर पडायला लागल्या. तिथे लॉर्नाने बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढली. "ही तुझी हद्द. ह्याच्या पलीकडे देव जरी उभा असला तरी गोळी झाडायची नाही."

आणखी एक गोष्ट तिने घोकून घेतली. बफेलोचं कुबड बघून माणूस फसतो. नेम आपोआप वर जातो आणि वर नुसती हाडं आणि केस. काळीज खूप खाली असतं, पुढच्या पायाच्या मागे. "कुबडाकडे बघू नकोस. पायावरून वर ये," लॉर्ना म्हणायची.

दिवाळीचा फराळ मिलिंदच्या बेसमेंटमध्ये होता. तिथे वेगळीच आघाडी उघडली. मिलिंदच्या बायकोने, अरुणाने, चिवड्याची वाटी उल्काच्या हातात दिली आणि हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "उल्काताई, ते गाईच्याच जातीतलं ना हो?"

"कोण?"

"ते... तुम्ही मारणार ते. म्हैस असती तर मी काही म्हटलं नसतं."

"अरुणा, मागच्या शनिवारी पोरांना बर्गर खायला घेऊन गेलीस, तिथे विचारलंस का ते कुणाच्या जातीतलं?"

"ते पोरं खातात. मी नाही खात. आणि खाणं वेगळं, स्वतः जीव घेणं वेगळं. बाईमाणसाच्या हाताने बरं नाही दिसत."

उल्काने वाटी खाली ठेवली. "मिलिंदभाऊजी मासे धरून आणतात. त्यांचं पोट कोण फाडतं? आतडी कोण काढतं? सिंकमध्ये रक्त कुणाच्या हाताला असतं? बाईमाणसाच्याच ना? मरणाचा चिखल आपण उपसायचा, आणि मारल्याचा फोटो त्यांचा. मला ह्या वेळी सुरुवातीपासून करायचंय."

एकीने लाडू चांगले झालेत म्हटलं. घरी आल्यावर विलास म्हणाला, "लोकांसमोर एवढं बोलायची काय गरज होती?"

"लोकांनी विचारलं म्हणून," उल्का म्हणाली.

डिसेंबरात ती तिघं पिंक माउंटनला गेली. हायवेच्या कडेच्या मोटेलमध्ये दोन खोल्या घेतल्या. थंडी अशी, की नाकातले केस कडक व्हायचे. निघायच्या आधी उल्काने विलासला स्पष्ट विचारलं होतं, "मॅग्नम कशाला घेताय?"

"जखमी झाला तर लागेल. बॅकअप."

"तुमच्याकडे परवाना नाही."

"बॅकअप म्हणतोय ना मी!"

सकाळी विलास आणि मिलिंद स्नोमोबाइल ट्रेलरवरून उतरवत होते, तेव्हा उल्का खोलीत एकटी होती. तिने विलासच्या बंदुकीच्या पिशवीची चेन उघडली, मॅग्नमचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा लोखंडी दट्ट्या, मागे ओढून बाहेर काढला आणि आपल्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे नुसती दांडी. चेन पुन्हा लावली. कोर्समध्ये हे तिला विलासपेक्षा लवकर जमलं होतं.

दुपार कलायच्या आधी त्यांना कळप दिसला. स्नोमोबाइल मागे ठेवून ती तिघं टेकाडाच्या कडेने चालत गेली होती. खाली ओढ्याकाठच्या मोकळ्या गवतावर काळे ढीग हलत होते. डोक्यांनी बर्फ बाजूला सारून खालचं गवत खात होते. कडेला एक नर एकटा उभा होता, दाढीला बर्फाच्या गाठी लागलेल्या.

अंतर उल्काच्या रेघेच्या दुपटीहून जास्त होतं.

"इथून तुझी गोळी पोचणार नाही," विलास कुजबुजला. "मी घेतो. एका गोळीत काम. नंतर कागदावर तुझं नाव."

"नाही."

"उल्का, तो जाईल. वर्षानुवर्षं वाट बघितलीय मी." खरंच वाट बघितली होती त्याने. त्याने पिशवीतून मॅग्नम काढली, आडवा झाला आणि काडतूस भरायला हात नेला. हात रिकाम्या खाचेत गेला. त्याने खाली बघितलं. पिशवी चाचपली. मग मान वळवून बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे आहे," उल्का म्हणाली. "घरी गेल्यावर देते."

मिलिंदच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते हातमोज्यात दाबलं. विलासचा चेहरा लाल झाला होता, थंडीने की कशाने ते तिने तपासलं नाही. ती बर्फावर पालथी झाली आणि उताराने सरपटत निघाली.

वारा समोरून येत होता, एवढं नशीब. कोपरं बर्फात रुतत होती, चष्म्यावर वाफ धरत होती. झुडपाआड थांबायचं, पुन्हा सरकायचं. मागे वळून ती बघत नव्हती. लॉर्नाची रेघ जिथे येईल असं वाटलं, त्याच्याही पुढे ती गेली आणि पडलेल्या ओंडक्यावर बंदूक टेकवली. नर आता दुर्बिणीत मावत नव्हता. पण त्याच्या मागे एक मादी चरत होती. गोळी ह्याच्यातून निघाली तर तिला लागणार.

उल्का थांबली. बोटं बधिर झाली, ती हातमोज्यात घातली, पुन्हा काढली. मागून टेकाडावरून विलासची शीळ आली, बारीक, घाई करणारी. कळपातल्या दोघींनी माना वर केल्या. उल्काच्या मनात त्या शिळेला एक सणसणीत सांगलीची शिवी आली, ती तिने तिथेच ठेवली. मादी दोन पावलं पुढे गेली. मग आणखी दोन. नराच्या मागे आता नुसता बर्फ होता.

पायावरून वर. कुबडाकडे नाही. तिचे डोळे उघडे होते.

गोळी लागल्याचा आवाज तिला ऐकू आला, ओल्या गोणीवर काठी बसल्यासारखा. नर पडला नाही. त्याचं अंग शहारलं आणि काही झालंच नाही असा तो चालू लागला. उल्काने बोल्ट ओढला, पुन्हा नेम घेतला, पुन्हा त्याच जागी. आता त्याचे पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि तो कुशीवर पडला. एकदा पाय ताणले. मग नाकाशी वाफ दिसेनाशी झाली.

ती लगेच उठली नाही. कळप पळालाच नाही. माद्या पडलेल्या नराभोवती जमल्या, त्याला हुंगत राहिल्या, एकीने शिंगाने ढोसून त्याला उठवायचा प्रयत्न केला. उल्का ओंडक्यामागे पडून ते सगळं बघत राहिली. नजर फिरवली नाही. केलं आपण आहे, तर बघायचंही आपणच, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कळप हळूहळू झाडांत गेला तेव्हा ती उभी राहिली.

विलास आणि मिलिंद खाली आले. मिलिंदने नराला प्रदक्षिणा घातली. "बाप रे. बाप रे, वहिनी." मग त्याने कॅमेरा काढला. "विलास, तू इकडे बस. बंदूक आडवी धर. वहिनी, तुम्ही मागे उभ्या राहा, शिंगाला हात लावा."

विलास बसायला वाकलाही. सवयीने वाकला. अर्ध्यात थांबला. उल्का बंदूक रिकामी करत होती, तिने वर बघितलं नाही. तो सरळ झाला.

"तिचा काढ," तो म्हणाला.

"माझा पण नको," उल्का म्हणाली. "उजेड जाईल. सुऱ्या काढा."

मग पुढचं काम सगळ्यांनाच सारखं झालं. कातडं सोलायचं, मांड्या सुट्या करायच्या, मांस पिशव्यांत घालून घसरगाडीवर बांधायचं. विलास ताकदीने ओढत होता, मिलिंद धरत होता, आणि सांधा कुठे सुटतो ते उल्का दाखवत होती. कोंबडीचा असो की ह्याचा, सांधा सांध्यासारखाच असतो. एकदा विलास हाडाशी झटत असताना ती म्हणाली, "अहो, तिथे नाही, दोन बोटं खाली." त्याने सुरी दोन बोटं खाली नेली. सांधा सुटला.

परतीच्या वाटेवर हायवेवर वन्यजीव खात्याची गाडी उभी होती. अधिकारी तरुण होता. त्याने हात करून ट्रक थांबवला आणि टॉर्च ट्रेलरवर फिरवला. मग तो चालकाच्या खिडकीशी आला. स्टिअरिंगवर विलास होता.

"गुड बुल," तो विलासला म्हणाला. "काँग्रॅच्युलेशन्स. कशाने मारला?"

मागच्या सीटवरून मिलिंद म्हणाला, "वी ऑल—"

विलासने एक क्षण समोरच्या काचेकडे बघितलं. वायपर फिरत होते.

"माय वाइफ," तो म्हणाला. शब्द दोनच, पण दात आवळून काढल्यासारखे. "आस्क हर."

अधिकारी ट्रकला वळसा घालून पलीकडे आला. उल्काने काच खाली केली. गाडीतली सगळी ऊब बाहेर निघून गेली. तिने परवाना दिला, लायसन्स दिलं, काडतूस कोणतं ते सांगितलं. कितव्या गोळीला पडला, कुठून झाडली, मागे आणखी जनावर होतं का, तो एकेक विचारत होता आणि ती एकेकाचं उत्तर देत होती. नावाचं स्पेलिंग त्याने दोनदा विचारलं.

"काच लाव गं," विलास म्हणाला. "थंडी येतेय."

"येऊ दे," उल्का म्हणाली. "त्यांचे प्रश्न संपले नाहीत अजून."